पाळण्याशेजारची दोनशे वर्षे

हिंगोली जिल्हा नकाशावर अवतरला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे, आणि त्याहीपूर्वी, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संत नामदेवांचे नरसी, औंढ्याचे नागनाथाचे देवालय, हिंगोली येथे १९०३ पर्यंत असलेली हैदराबाद कन्टिन्जंट फौजेची छावणी, एवढा इतिहास येथील शाळकरी मुलगाही सांगू शकतो. परंतु ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला त्या घरातील पाळणा हलता कसा राहिला, हे त्याला ठाऊक नसते. आणि ते त्याला सांगावे असे आपल्यालाही सहसा सुचत नाही. लढायांची आणि राजवटींची सनावळी आपण पाठ करतो. लहान लेकरे कशाने दगावत होती, कोणाच्या सांगण्याने वाचू लागली, आणि ते सांगणे उंबरठ्याच्या आत कसे आले, याची सनावळी मात्र क्वचितच मांडली जाते. प्रस्तुत लेखात ती थोडीफार मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ख्रिस्ती कुटुंबांना हा विषय परका नाही. बाप्तिस्मा देण्याचा अधिकार एरवी धर्मगुरूचा किंवा डीकनचा. परंतु बाळ मरणोन्मुख असेल तर सुईण, शेजारीण किंवा कोणीही व्यक्ती, मग ती ख्रिस्ती नसली तरीही, योग्य हेतूने पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते, अशी मुभा ख्रिस्तसभेने शतकानुशतके ठेवली आहे. ही मुभा का ठेवावी लागली, याचा विचार केला म्हणजे जुन्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. धर्मगुरू येईपर्यंत बाळ जगेलच याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. कोणत्याही जुन्या धर्मग्रामाची दफनाची नोंदवही उघडून पाहावी. वयाच्या रकान्यात ‘दिवस’ आणि ‘महिने’ हे शब्द पुन्हापुन्हा भेटतात. विसाव्या शतकात फ्रान्समधील इतिहाससंशोधक लुई आन्री यांनी अशाच नोंदवह्यांच्या आधारे खेड्यापाड्यांतील जन्ममृत्यूंचा इतिहास उभा केला, तो याचमुळे.

देवी आल्या, देवी काढल्या

मराठी भाषेत ‘देवी’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत. देवी म्हणजे माता. देवी म्हणजे अंगभर फोड उठवणारा तो भयंकर रोग. आणि ‘देवी काढणे’ म्हणजे त्या रोगाविरुद्ध लस टोचणे. भीती, भक्ती आणि उपाय या तिन्ही गोष्टी एका शब्दात नांदल्या, यातच या रोगाचा मराठी इतिहास सामावला आहे.

एडवर्ड जेन्नर यांनी इंग्लंडमध्ये १७९६ साली गोस्तनदेवीची लस प्रथम टोचली. ती हिंदुस्थानात आणणे सोपे नव्हते, कारण लांबच्या प्रवासात लस निकामी होत असे. अखेरीस बगदाद व बसरा या मार्गाने, एका माणसाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी साखळी करीत, ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी काढलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरील लसीतून इतर मुलांना लस मिळाली, आणि तेथून ती पुण्यास, मद्रासेस व पुढे इतरत्र गेली. एका चिमुरडीच्या दंडाचे ऋण आपल्या देशावर आहे. मोठमोठ्या पुतळ्यांच्या गर्दीत तिचे स्मरण मात्र फारसे कोणी ठेवलेले नाही.

लस आली, पण घरात शिरायला तिला फार वर्षे लागली. लोक अडाणी होते म्हणून ते लस नाकारीत, असे सांगण्याची पद्धत आहे. आम्हाला ते अर्धसत्य वाटते. कोणाच्या तरी अनोळखी मुलाच्या फोडातील पू आपल्या बाळाच्या दंडात घालू देणे, हे आजच्या सुशिक्षित आईलाही जड जाईल. त्यातून जातीपातीचा विटाळ, टोचल्यानंतर येणारा ताप, आणि सरकारी माणसाविषयीचा धाक यांची भर. १८८० साली ब्रिटिश हिंदुस्थानात लस टोचण्याविषयीचा कायदा झाला. तथापि कायद्याने दंड करता येतो, विश्वास निर्माण करता येत नाही. आपल्या मराठवाड्यात तर आणखी एक अडचण होती. घरात बोली मराठी आणि सरकारदरबारची व शिक्षणाची भाषा उर्दू. ज्या भाषेत आई बाळाला अंगाई म्हणते त्या भाषेत तिला कोणी काही समजावून सांगत नसेल, तर हुकूम तेवढा पोहोचतो, सल्ला पोहोचत नाही.

पुढे गोठवून सुकवलेली टिकाऊ लस आणि दुकाटी सुई ही साधने हाती आली, घरोघर जाऊन रोगी शोधण्याची पद्धत सुरू झाली, आणि मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केले. ज्यांच्या दंडावर ते गोल व्रण आहेत अशी मंडळी अजून आपल्या घरांत आहेत. नातवंडांना तो व्रण अवश्य दाखवावा. तो इतिहासाचा शिलालेखच आहे.

सटवाईची रात्र

मराठी घरांत बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा होत आली आहे. त्या रात्री ती बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते अशी समजूत. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांच्या घरीही ही चाल असणार. तिच्याकडे आम्ही येथे धर्माच्या नव्हे, तर इतिहासाच्या दृष्टीने पाहत आहोत. नेमकी पाचवी-सहावी रात्रच भयाची का?

नवजात बाळाचा धनुर्वात हा रोग बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकट होतो. आधी नीट दूध पिणारे बाळ एकाएकी तोंड मिटून घेते, त्याचे अंग ताठ होते आणि ते जाते. नाळ विळ्याने कापणे, तिच्यावर राख किंवा शेण लावणे यांतून त्या रोगाचे जंतू बाळाच्या शरीरात शिरतात. जुन्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते. परंतु त्यांनी दिवस अचूक मोजले होते. हे त्यांचे अज्ञान नव्हते. हे निरीक्षण होते. त्याला उपायाची जोड तेवढी मिळाली नव्हती. ती जोड पुढे मिळाली: गरोदर मातेला धनुर्वाताची लस, नाळ कापायला नवे पाते, बांधायला स्वच्छ दोरा, सुईणीच्या हाताला साबण आणि नाळेला काहीही न लावण्याचा नियम. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. राष्ट्रीय कार्यक्रमांच्या गदारोळात या विजयाचा फारसा गाजावाजा झाला नाही. पण सटवाईच्या रात्रीची भीती ज्या आजीने अनुभवली असेल, तिला त्याचे मोल विचारावे.

बारव, फडके आणि हापसा

मराठवाडा हा बारवांचा प्रदेश. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते अशा या देखण्या विहिरी पाहायला आज दूरदूरचे अभ्यासक येतात. परंतु याच पायऱ्यांनी आपल्या लोकांना नारूही दिला. नारूचा जंत वर्षभर माणसाच्या अंगात वाढतो आणि बहुधा पायातून बाहेर पडू लागतो. असा पाय पाण्यात बुडाला की तो हजारो अळ्या पाण्यात सोडतो. पाण्यातील सूक्ष्म कीटक त्या गिळतात. आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात नवा नारू जातो. लहान मूल असो वा कर्ता पुरुष, नारू झालेला माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे, आणि सुगीच्या दिवसांत घराची भाकरी अडे.

या रोगावर लस नाही, औषधही नाही. होता तो एकच सल्ला: पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, आणि नारू निघालेल्याने पाण्यात पाय घालू नये. १९८३-८४ पासून देशभर चाललेल्या मोहिमेत हा सल्ला घरोघर गेला, पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बांधून काढून त्यांच्या आडात रूपांतर झाले, आणि जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. एका फडक्याने जिंकलेली ही लढाई आहे.

फडक्याला साथ मिळाली ती हापशाची. ही कथा आपल्या शेजारच्या जालन्याशी निगडित आहे. तेथील चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनच्या पाणी-कार्यात ‘जालना पंप’ तयार झाला. त्यावर सुधारणा होऊन सोलापुरात ‘सोलापूर पंप’ निघाला. आणि त्याच्याच पायावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या गावांत आणि पुढे आफ्रिकेतील खेड्यांतही तो पोहोचला. आईला नुसते “स्वच्छ पाणी पाजा” असे सांगणे सोपे असते. परंतु स्वच्छ पाणी हाताशी नसेल तर तो सल्ला तिला टोचून बोलल्यासारखा होतो. हापशाने तो सल्ला पाळण्याजोगा केला.

चिमूटभर मीठ

हगवणीने लेकरू सुकून जाते ते पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. तरीही हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, पोटाला विश्रांती द्यावी, अशी समजूत घरोघर होती. दोष केवळ आयांना देऊ नये. कित्येक वर्षे दवाखान्यांतही अशा मुलांना उपाशी ठेवून शिरेतून सलाइन देण्याचाच प्रघात होता.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी साखर (ग्लुकोज), मीठ आणि सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरून ठेवले व ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. मिठाला आतड्यातून रक्तात नेण्याचे काम साखर करते आणि त्या दोहोंच्या मागोमाग पाणी जाते, हे या मिश्रणामागचे शास्त्र. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाने त्याची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या संभाव्य शोधांत केली. डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले; मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये जाहीर झाले.

हे मिश्रण म्हणजेच आजची ओआरएसची पुडी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि माप काटेकोर, कारण अधिक मीठ घातक ठरते. सोबत अंगावरचे दूध, पेज, वरणाचे पाणी सुरू ठेवावे, आणि डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकची गोळी द्यावी. ‘ओआरएस’ हे नाव लावून गोड पेये विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. म्हणून रंगीत खोका पाहून फसू नये. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे.

सल्ला सांगणारी बाई

इथवर पाहिलेले ज्ञान डॉक्टरांजवळ होते. ते पाळण्यापर्यंत कोणी न्यावे, हा प्रश्न मराठी मुलखानेच जगापुढे सोडवून दाखवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त गावी आले. वेल्लोरचे वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेतील उच्च पदव्या त्यांच्यापाशी होत्या. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठवल्या; पण परगावच्या, शिकलेल्या मुलीचे गाव ऐकेना. तेव्हा त्यांनी गावातलीच, गावाने निवडलेली बाई तयार करायचे ठरवले. यांतील बहुतेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, कित्येक परित्यक्ता होत्या. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकत आणि गावी जाऊन सांगत. स्वतः लेकरे वाढवलेल्या, त्याच हापशावर पाणी भरणाऱ्या बाईचे बोलणे शेजारणीला पटले. त्या परिसरात १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांत तो आकडा ५२ वर आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये कालवश झाले. जामखेडला शिकायला जगभरातून लोक येत राहिले.

दुसरा अध्याय गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत त्यांच्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जन्मलेल्या बाळांची घरीच काळजी घेतली: बाळाला ऊब देणे, वजन करणे, अंगावर पाजण्यास मदत करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून उपचार करणे. नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर उतरला. डिसेंबर १९९९ मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ पासून गावोगाव नेमल्या गेलेल्या आशाताईंच्या कामात २०११ साली याच पद्धतीचा समावेश झाला. आज हिंगोलीच्या एखाद्या तांड्यावर बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येतात, त्या भेटींची मुळे गडचिरोलीच्या रानात आहेत.

आपल्या दारातील धोके

या दोनशे वर्षांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. जो सल्ला लेकरे वाचवून गेला तो नेहमी साधा होता, त्याच्यासोबत हाताशी एखादे साधन होते, आणि तो सांगणारे माणूस ओळखीचे होते. फडके, पाते, पुडी; आणि शेजारची बाई. यांतील एक जरी गळले तरी सल्ला कागदावर राहिला.

पाहता पाहता धोक्यांचे रूपही पालटले आहे. देवी गेली, नारू गेला. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रोगीही आढळलेला नाही. परंतु माघ-फाल्गुनात वसमतच्या शिवारात हळद शिजू लागते तेव्हा काहिलीच्या किंवा वाफेच्या कुकरच्या आसपास लहान मुले खेळत असतात. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, तूप, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. सोयाबीन-कापसावरील फवारणीचे औषध कधीही शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे नको. पाय किंवा हात न हलवता मुलाला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. विहीर, शेततळे तर धोक्याचे आहेतच. रांगत्या बाळाला पाण्याने भरलेली बादलीही पुरते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे; तो आकडा घरच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पहिली श्वासाची. सर्दी-खोकल्याने बेजार झालेल्या बाळाचे पोट उघडे करून, ते शांत असताना, मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळात ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो, थांबू नये. दुसरी गोष्ट खोकल्याच्या औषधाची. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी रसायन मिसळलेले खोकल्याचे औषध पाजल्याने कितीतरी बालकांचे मूत्रपिंड निकामी होऊन त्यांचा बळी गेला. दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा देऊ नयेत, असे केंद्र शासनाने तेव्हा पुन्हा बजावले. दुकानातून परस्पर बाटली आणण्याची सवय मोडणे, हा आजच्या पिढीचा नारू आहे.

वाचकहो, जामखेडच्या त्या निरक्षर बाईला कोणी पदवी दिली नव्हती. तिला गावाने निवडले होते, आणि तिने जे ऐकले ते शेजारच्या घरी जाऊन सांगितले. आपल्या प्रत्येक वाडीत, तांड्यावर, वस्तीत अशी एक तरी माउली आजही असते. आशाताई बाळंतिणीच्या भेटीला येतील तेव्हा तिने सोबत जावे, श्वास कसे मोजतात ते पाहावे, पुडी कशी कालवतात ते शिकावे. आणि घरच्या कर्त्या पुरुषांनी हे काम बायकांचे म्हणून बाजूला बसू नये. फवारणीची बाटली आणि हळदीची काहील त्यांच्याच हातची असते.